पोटाखालचा हात

चष्म्याचं दुकान ज्या मोठ्या इमारतीत होतं, तिच्या प्रवेशापाशी एक रिकामी चौकट उभी होती. दार नसलेली, नुसती चौकट. तिच्यातून जाणाऱ्याने क्षणभर स्वतःला अपराधी समजावं, एवढ्यासाठीच ती तिथे असावी. त्याची मोठी बहीण, ताई, त्याच्यापुढे होती. ती चौकटीतून गेली आणि चौकट वाजली. पहारेकऱ्याने हात आडवा धरला आणि कंटाळलेल्या आवाजात विचारलं, जवळ काही धातूचं आहे का. ताईने खांद्यावरची पिशवी चाचपली, खिसे चाचपले आणि मग, जणू पिशवीतल्या डब्याबद्दल सांगावं इतक्या सहजपणे ती म्हणाली, "पोटात एक तारेची जाळी आहे माझ्या. तिच्यामुळे वाजत असेल का हो?"

पहारेकरी हसला. पोटातलं सगळं आम्हाला चालतं, असं काहीसं तो म्हणाला, त्यावर मागे उभ्या असलेल्या दोन मुली हसल्या, आणि ताईही हसली. पिशवीच्या तळाशी तरणतलावाच्या किल्ल्यांचा जुडगा सापडला. तो बाजूला ठेवून ती पुन्हा चौकटीतून गेली तेव्हा चौकट गप्प राहिली. घडलं ते इतकंच. पण तो अलीकडेच उभा राहिला. मागच्या माणसाने घसा खाकरला, पहारेकऱ्याने हाताने या या केलं, तरी त्याचा पाय उचलेना. परक्या माणसाला, भर दारात, हसत सांगितलेलं ते वाक्य त्याच्या आत कुठेतरी खोल गेलं होतं आणि तळाला टेकायचं नाव घेत नव्हतं. जाळी आहे. अजून आहे. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. साऱ्या शहरात ते त्याच्याइतकं नीट कुणालाच माहीत नव्हतं.

दुकानात ताईने तीन-चार फ्रेम लावून पाहिल्या आणि प्रत्येक वेळी त्याच्याकडे वळून विचारलं, ही कशी दिसते रे, मास्तरीणबाई वाटते का फार. तो प्रत्येक वेळी छान म्हणाला. शेवटी ती दुकानदाराला म्हणाली की याला विचारण्यात अर्थ नाही, याला लहानपणापासून सगळंच छान दिसतं, आणि तिने आरशाचाच सल्ला घेतला. एक फ्रेम तिच्या हातून निसटून खाली पडली. ती उचलायला ताई वाकली, आणि वाकताना तिचा डावा तळवा आपसूक पोटावर गेला; आत काठोकाठ भरलेलं भांडं असावं आणि ते हिंदकळू नये, तसा. ही तिची लकब तो रोज बघत होता. स्वयंपाकघरात, जिन्यात, चपला घालताना. घरातल्या भिंतीवरची जुनी भेग दिसावी तशी ती त्याला दिसे, आणि तशीच दिसेनाशी होई. आज मात्र दुकानाच्या पांढऱ्या उजेडात ती लकब म्हणजे एक प्रश्न आहे असं त्याला वाटलं; दोन वर्षं कुणीतरी शब्द न उच्चारता विचारत राहिलेला.

तो डॉक्टर होता, पण लोकांना डॉक्टर म्हटल्यावर जो माणूस डोळ्यांपुढे येतो तसा नव्हे. त्याचं काम अंधारलेल्या खोलीत, पडद्यासमोर. मानेतल्या किंवा मांडीतल्या शिरेतून बारीक नळी आत सारायची आणि क्ष-किरणांच्या करड्या चित्रात ती कुठे पोचली हे बघत बघत, चिरफाड न करता, आतल्या आत दुरुस्ती करायची. या कामात रुग्णाशी फारसं बोलावं लागत नाही, म्हणूनच त्याने ते निवडलं असावं. पायातली रक्ताची गुठळी सुटून वर फुफ्फुसात गेली तर माणूस बसल्या जागी जातो. रक्त पातळ करायचं औषध हा त्यावरचा साधा उपाय. पण ज्याला कुठे आत रक्तस्राव होतो आहे, त्याला ते देता येत नाही. अशा माणसाच्या पोटातल्या मोठ्या शिरेत एक जाळी ठेवतात. कापड फाटून गेलेल्या छत्रीच्या काड्यांसारखी ती दिसते, करंगळीएवढी. गुठळी वर निघाली की तिच्यात अडकते. धोका टळला की जाळी काढायची. ती तात्पुरती असते. तिचं सगळं शहाणपण त्या तात्पुरतेपणात आहे. जास्त राहिली तर तिच्या काड्या शिरेच्या भिंतीत रुततात, कलतात, कधी भिंत भेदून पलीकडे जातात, कधी जाळीच गुठळ्या धरू लागते. आधार होता तो काटा होतो.

आणि तरीही त्या काढल्या जात नसत. तो या रुग्णालयात आला तेव्हा जाळी बसवलेल्यांपैकी फारच थोडे परत येत. बाकीचे कुठे जात? घरी जात, बरे होत, विसरत. तो एकदा त्या प्रश्नाच्या मागे लागला आणि त्याला उत्तर सापडलं, ते इतकं साधं होतं की त्याला लाज वाटली. हाडाच्या डॉक्टरला वाटे, ज्याने जाळी बसवली तो बोलावेल. बसवणाऱ्याला वाटे, पेशंट हाडवाल्यांचा आहे, ते पाठवतील. पेशंटला वाटे, काढायची असती तर कुणी सांगितलं नसतं का. विभागाच्या बैठकीत तो पहिल्यांदाच उभा राहून बोलला होता. कानाच्या पाळ्या तापलेल्या, नजर टेबलाच्या कडेवर. तो म्हणाला होता की इथे कुणीच निष्काळजी नाही. फक्त प्रत्येकजण दुसऱ्याच्या बोलण्याची वाट बघतो आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याच्या वरिष्ठांनी, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, त्याच्या पाठीवर थाप मारली होती.

मग त्याने फोनची व्यवस्था सुरू केली. जाळी बसली की त्याच दिवशी काढण्याचा महिना ठरवायचा, आणि तो महिना आला की घरी फोन करायचा. एकदा नाही, माणूस येईपर्यंत. फोन करायला त्याने एक बाई नेमून घेतल्या. त्या पूर्वी बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करत. त्यांच्या आवाजात अजूनही एक विलक्षण खात्री होती. त्यांनी बोलावलं की माणसाला आपली गाडी सुटेल असं वाटे. लोक येऊ लागले. इतर विभागांनी चौकशी केली, बाहेरगावचे डॉक्टर बघायला आले, त्याचं कौतुक झालं. खरी गोष्ट फक्त त्याला ठाऊक होती. त्याला स्वतःला फोनवर बोलता येत नसे. पलीकडचा माणूस हॅलो म्हणाला की त्याच्या जिभेची लाकडी फळी होई. ते सगळं यंत्र त्याने उभारलं होतं, ते स्वतःला बोलावं लागू नये म्हणून.

त्या व्यवस्थेत एक बारीकशी सवलत होती. ती कुणी ठरवलेली नव्हती, आपोआप आलेली. रुग्णालयातल्या कुणाच्या घरचं माणूस असेल तर फोन करायचा नाही. आपल्याच डॉक्टरांच्या आईला, सिस्टरच्या नवऱ्याला बाहेरच्यासारखं बोलावणं पाठवायचं, हे कसंतरीच दिसे. ताईचा महिना आला तेव्हा बाईंनी दारातून डोकावून विचारलं होतं, ताईंना फोन लावू ना. तो तेव्हा कुठलंसं चित्र बघत होता, किंवा बघत असल्यासारखं करत होता. "नको," तो म्हणाला होता, "घरचंच आहे. मी सांगतो."

मी सांगतो. चष्म्याच्या दुकानातून परतल्यावर त्या रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या तो हे दोन शब्द उलटसुलट करून पाहत राहिला. ते त्याने खोटेपणाने उच्चारले नव्हते. त्याच संध्याकाळी सांगायचं, असंच त्याच्या मनात होतं. पण त्या संध्याकाळी ताई पहिल्यांदा काठीशिवाय जिना चढून आली होती आणि दारात उभं राहून, धापा टाकत, विजयी मुद्रेने त्याच्याकडे बघत होती. पुन्हा रुग्णालय, पुन्हा ते टेबल, हे त्या क्षणी तिच्या तोंडावर कसं मारायचं? उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तिचं कुणाशी वाजलं होतं. तिसऱ्या दिवशी ती फार आनंदात होती. ज्याला शहराच्या दुसऱ्या टोकाहून बोलवायचं, त्याच्यासाठी दिवस ठरवावा लागतो. जे माणूस रोज समोर बसून जेवतं, त्याला कधीही सांगता येतं, आणि म्हणून कधीच सांगितलं जात नाही. मग एक दिवस असा आला, तो नेमका कुठला हे त्याला आता आठवत नव्हतं, की जाळी काढायची आहे असं सांगायचं तर इतके दिवस का नाही सांगितलं हेही सांगावं लागणार होतं. त्या दिवसानंतर विषय बदलला. आता तो जाळीचा राहिला नाही, त्याचा स्वतःचा झाला. आणि स्वतःचा विषय टाळण्यात तो पहिल्यापासून पटाईत होता. तिकडे बाई फोन करत राहिल्या, माणसं येत राहिली, जाळ्या निघत राहिल्या, आणि त्या प्रत्येक निघालेल्या जाळीने त्याला आतून थोडं शांत केलं. जणू परक्यांच्या पोटातून काढलेलं कुठेतरी घरच्या खाती जमा होत होतं.

ताई त्याच्याहून इतकी मोठी की लोक तिला त्याची आई समजत, आणि ती ते दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडत नसे. आई-वडील गेले तेव्हा तो शाळेतही नव्हता. ताई तरणतलावावर नोकरीला लागली, आधी मदतनीस म्हणून, मग शिकवणारी म्हणून. त्याला सांभाळायला घरी कोणी नसे, तेव्हा ती त्याला बरोबर नेई, आणि तो कठड्यावर बसून, गुडघे छातीशी घेऊन, ओल्या फरशीचा आणि औषधी पाण्याचा वास हुंगत दिवस काढी. त्याचं बालपण त्या वासाचं होतं. त्याला पाण्याची भीती वाटे. इतर मुलांना ताई काठावरून आरोळ्या ठोकून शिकवी. त्याच्यासाठी ती पाण्यात उतरली. तिने त्याला पालथा आडवा केला आणि पोटाखाली आपला तळवा ठेवला. तो तळवा रुंद, उबदार आणि इतका स्थिर होता की त्याला वाटे आपण फरशीवरच आहोत. "मी धरलंय," ती म्हणे. तो हातपाय मारी. "मी धरलंय." असे कितीतरी दिवस. मग एका दिवशी त्याने मान वळवून पाहिलं तर ताई तलावाच्या दुसऱ्या कडेला उभी होती, हातांची घडी घालून. हात केव्हा काढला हे तिने सांगितलं नव्हतं. त्याच्या पोटाला तो तळवा अजूनही लागत होता. तो रडला, नाकातोंडात पाणी गेलं, पण बुडाला मात्र नाही. पुढे कित्येक वर्षं त्याला ही आपल्या आयुष्यातली सर्वांत सुंदर फसवणूक वाटत आली होती.

दोन वर्षांपूर्वी त्याच फरशीवरून ताई घसरली. कमरेचं हाड मोडलं, आत रक्तस्राव झाला, आणि पडून असतानाच मांडीत गुठळी धरली. औषध द्यावं तर रक्त थांबणार नाही, न द्यावं तर गुठळी वर जाणार. जाळी सरांनी बसवली. तो काचेआड उभा होता. शुद्धीवर आल्यावर तिने त्याला एवढंच विचारलं होतं की हे पोटात काय बसवलंय ते कायमचं का. तो म्हणाला होता, नाही ग, तात्पुरतं. त्यानंतर तिने पुन्हा कधी विचारलं नाही. ती बरी झाली, कामावर रुजू झाली, काठावर उभं राहून पूर्वीसारख्या आरोळ्या ठोकू लागली. पाण्यात मात्र ती उतरली नाही. रविवारी मुलं गेल्यावर एकटीने दोन-चार फेऱ्या मारण्याची तिची जुनी चैन होती, तीही गेली. एकदा त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, तर ती म्हणाली, पाणी फार थंड ठेवतात हल्ली. त्याने ते उत्तर मुकाट्याने घेतलं. डॉक्टर असून घेतलं. पोहायला काहीच हरकत नव्हती, हे तिला सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्याच्या शेपटाला दुसरं वाक्य बांधलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाईंच्या खोलीत गेला. खोली म्हणजे जिन्याखालची जागा, एक टेबल, एक फोन, आणि खिडकीत बाईंनी वाढवलेली तीन रोपटी. बाई चहा पीत होत्या. त्याने उभ्याउभ्याच सांगितलं की एक फोन लावायचा आहे. बाईंनी नंबर विचारला. त्याने स्वतःच्या घरचा सांगितला. बाईंनी तो अर्धा लिहिला आणि पेन थांबवलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, त्या पाहण्यात राग नव्हता, आणि त्यामुळेच ते सोसवेना.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "मी पूर्वीच म्हणणार होते. इथे सगळ्यांत बेवारस पेशंट कोण, तर डॉक्टरांच्या घरचा."

मग त्यांनी विचारलं की तुम्हीच का नाही बोलत घरी. त्याने नंबरचे उरलेले आकडे सांगितले. बाईंनी कपावर बशी झाकली, खुर्ची जरा पुढे ओढली आणि त्यांच्या सवयीप्रमाणे फोनचा आवाज खोलीभर ऐकू येईल असा करून नंबर फिरवला. घंटा वाजू लागली. घरातला तो फोन कुठे आहे, ताई या वेळी कुठे असेल, ओले हात कशाला पुसेल, किती पावलं चालेल, हे सगळं त्याला दिसत होतं. हॅलो, ताई म्हणाली. आणि तिचा आवाज, जो त्याने जन्मभर ऐकला होता, त्याला पहिल्यांदाच एका अनोळखी बाईचा वाटला. एकटीचा, जरासा थकलेला, कुणाचा फोन असेल याचा अंदाज नसलेला.

बाईंनी रुग्णालयाचं नाव सांगितलं आणि आपलं नेहमीचं बोलणं सुरू केलं. ते बोलणं त्यानेच लिहून दिलेलं होतं. शब्दन् शब्द विचार करून, पलीकडचा माणूस घाबरू नये आणि त्याला दोषही वाटू नये म्हणून. आपल्या पोटातल्या शिरेत जाळी बसवलेली आहे, ती तात्पुरती होती, ती आता काढायला हवी. आधी एक तपासणी होईल, मग ठरेल. आणि ज्यांना फार दिवस झाले असतील त्यांच्यासाठी त्याने घातलेलं ते वाक्य बाईंनी नेहमीच्याच खात्रीने उच्चारलं: "उशीर झाला आहे, आणि तो आमच्याकडून झाला आहे."

ताईने विचारलं, "म्हणजे ती निघते?"

बाई म्हणाल्या, बहुतेकांची निघते. इतक्या दिवसांनी थोडं अवघड जातं, पण बघतात प्रयत्न करून. मागे नळ गळत असल्याचा आवाज त्याला ऐकू आला; तो नळ गेले कित्येक दिवस तो दुरुस्त करणार होता.

"एक सांगू का," ताई म्हणाली. आवाज खाली आला होता, शेजारच्या खोलीत कुणी झोपलेलं असावं तसा. "आमचा धाकटा तुमच्याकडेच डॉक्टर आहे. त्याला इतक्यात काही सांगू नका. त्याने एवढ्या दिवसांत विषय काढला नाही, तेव्हा मी समजून चालले की निघण्यासारखी नसणार. त्याला सांगवत नसेल. लहानपणापासून तसाच आहे तो, वाईट काही सांगायचं झालं की तापच यायचा त्याला. म्हणून मीही नाही विचारलं. उगाच त्याला कशाला कोंडीत पकडायचं. आधी तपासणी होऊ दे. काही निघालंच बरं, तर मग मीच सांगेन त्याला."

बाईंनी रिसीव्हर कानापासून दूर केला आणि टेबलावरून त्याच्याकडे सरकवला, गाडी लागली आहे, चढा, अशा नजरेने. खिडकीतल्या एका रोपट्याचं पान पिवळं पडलेलं त्याला दिसलं. दोन वर्षं ती वाकताना पोटावर हात ठेवत होती, तो त्याने दिलेल्या शिक्षेच्या ओझ्याने. आणि त्या ओझ्याखालून ती त्याला सांभाळत होती. तिने पाणी सोडलं होतं. कदाचित आणखीही काही सोडायची तयारी करत आली असेल. कपाट आवरणं, किल्ल्या कुठे ठेवते ते त्याला उगीच दाखवणं, परवाच म्हणाली होती की तूही एकदा भाजी करायला शीक. त्याने ते सगळं हसण्यावारी नेलं होतं. त्याच्या भित्रेपणाला तिने दया समजलं होतं, आणि ती दया जपली होती.

"ताई," तो म्हणाला, "मी बोलतोय."

ती म्हणाली, "तू तिथेच आहेस?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून," तो म्हणाला. आणि मग, जीभ लाकडाची झालेली असताना, शब्द एकेक उचलून ठेवावा तसं त्याने सांगितलं. "मला माहीत होतं, ताई. वेळेवर काढली असती तर सहज निघाली असती. मीच त्यांना म्हटलं होतं, फोन करू नका, मी सांगतो. आणि सांगितलं नाही. दुसरं काही कारण नाही."

नळ गळत होता. बाई रोपट्यांकडे तोंड करून उभ्या होत्या. तिने फोन ठेवून दिला असता तर बरं, असं वाटण्याइतका वेळ गेला. शेवटी ती म्हणाली की मी आता बोलत नाही, मला राग आलाय आणि दूध उतू जाईल, संध्याकाळी ये. त्या संध्याकाळी ती त्याला काय काय बोलली ते त्याने निमूट ऐकून घेतलं. त्यातलं बरंच रास्त होतं, थोडं जुनं होतं, आणि एक वाक्य असं होतं की ते तो कुणालाच सांगणार नव्हता. मरणाची एवढी उजळणी करून घेतलीस माझ्याकडून फुकट, असं म्हणून ती मध्येच हसली, आणि ते हसणं त्या वाक्याहूनही जड गेलं.

तपासणीत दिसलं की जाळी कलली आहे, फास अडकवायचा वरचा आकडा भिंतीला चिकटला आहे, एक काडी भिंतीपलीकडे गेली आहे. सर म्हणाले, करू प्रयत्न, पण तू आत यायचं नाहीस. तेव्हा तो पुन्हा काचेआड उभा राहिला, दोन वर्षांपूर्वी होता त्याच जागी. पडद्यावर ताई होती. तिचे मणके, तिच्या बरगड्यांच्या सावल्या, आणि त्यांच्यामध्ये, धुक्यात उभ्या केलेल्या छत्रीसारखी, ती. मानेतल्या नळीतून उतरलेला तारेचा फास आकड्यापाशी जाई, घसरे, पुन्हा जाई. सरांचे खांदे त्याला मागून दिसत होते. टेबलावर ताई जागी होती. सिस्टरने काही विचारलं की ती मान न हलवता उत्तर देई. एकदा सिस्टर हसली. याही ठिकाणी ताई कुणाला तरी हसवत होती. त्याने आयुष्यात इतक्या शिरा पाहिल्या होत्या, पण शीर म्हणजे कुणाची तरी असते, हे जणू कुणीतरी त्याला आत्ता सांगत होतं. मग फास बसला. सरांनी नळी सरकवली, छत्री हळूहळू मिटली, आणि मिटता मिटता तिची एक काडी मोडून मागे राहिली. केसाएवढी करडी रेघ, भिंतीत रुतलेली. सरांनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. मग हात थांबवले.

बाहेर आल्यावर ते म्हणाले की तेवढी राहू दे, तिने आता घर केलंय तिथे, ओढली तर शीर फाटेल. त्रास देणार नाही बहुधा, बघत राहू. ते जरा घुटमळले. मग म्हणाले की बाईंनी आज सकाळी माझ्या घरी फोन केला होता, सासूबाईंना, त्यांच्याही जाळीबद्दल. सरांच्या कपाळावर घाम होता. घरच्या माणसांची सवलत त्याने गेल्याच आठवड्यात काढून टाकली होती, आणि बाई एकेका घरी घंटा वाजवत सुटल्या होत्या.

तलावावर ते दोघे दुपारी गेले, मुलं यायच्या आधी. मानेवरची जखम केव्हाच भरली होती, सरांनी पाण्याला हरकत नाही असं सांगितलं होतं, आणि त्यालाही आता महिना होऊन गेला होता. पण ताई आज जाऊ, उद्या जाऊ करत होती. उंच छताखाली पाणी निश्चल होतं आणि त्याच्या तळाच्या रेघा उजेडात थरथरत होत्या. ती पायरी पायरीने उतरली. कमरेपर्यंत पाणी आल्यावर थांबली, तळवा पोटावर. साऱ्या शहराच्या पोरांना पोहायला शिकवणारी बाई, पण तिचं अंग विसरलं नव्हतं. दोन वर्षं आत काहीतरी आहे, ते हलेल, टोचेल, सुटेल, हे त्या अंगाला पाठ झालं होतं. तो तिच्या शेजारी उतरला. पाणी थंड नव्हतं.

"धर," ती म्हणाली, त्याच्याकडे न बघता.

त्याने पाण्याखाली हात पसरला आणि ती त्यावर पालथी झाली. तळव्यावर तिचं पोट टेकलं. श्वासाबरोबर वर जाणारं, खाली येणारं. तिथेच कुठेतरी, त्याच्या बोटांपासून अगदी जवळ, ती केसाएवढी तार होती. ती आता तिथेच राहणार होती. ताई तिच्यासकट म्हातारी होईल, आणि दरवर्षी एकदा बाई तिला फोन करतील, आणि तो फोन कधीही चुकू द्यायचा नाही. तिने पाय हलवले, आधी भीत भीत, मग जुन्या चालीने. तिच्या वजनातला भीतीचा भाग हळूहळू पाण्यात उतरत गेला आणि हातावर उरली ती नुसती ऊब.

"काढताना सांग," ती म्हणाली.

"तू मला नव्हतं सांगितलंस."

"तुला सांगितलं असतं तर तू बुडाला असतास." तिने तोंडावरचं पाणी फुंकलं. "मला मात्र सांगायचं."

त्याला कळत होतं की हात आता नावापुरता आहे. ती केव्हाच तरंगते आहे. मुकाट्याने काढला असता तरी चाललं असतं, तिला कळलंही नसतं. तो आणखी थोडा वेळ तसाच तिच्या बाजूने चालत राहिला. मग त्याने घसा साफ केला.

"ताई," तो म्हणाला, आणि त्या रिकाम्या छताखाली त्याचा आवाज त्यालाच मोठा वाटला, "आता काढतो."